जागा सोडून म्हटलेले धडे

नीला मॅडमनी पेपर पूनमच्या पुढं सरकवला, मग काहीतरी आठवल्यासारखा परत आपल्याकडं ओढून घेतला. पूनमला तो वाचायला देऊन काही उपयोग नव्हता. छापलेली असो की हातानं लिहिलेली, अक्षरं तिच्यासमोर कधी एका जागी उभी राहिलीच नाहीत. चुळबूळ करत राहायची, रांगेतली पोरं करतात तशी.

"मीच वाचते," मॅडम म्हणाल्या. "प्रश्न पहिला. नदीचं संचयन कार्य स्पष्ट करा. आता तुझं उत्तर ऐक. 'तिथं गाळ साचतो.' पुढचं वाक्य, 'म्हणून त्रिभुज प्रदेश तयार होतो.' त्याच्या पुढचं, 'बाहेरच्या काठाची झीज होते.' अगं, कुठं साचतो गाळ? कशामुळं त्रिभुज प्रदेश? सगळा पेपर असाच आहे पूनम. नुसती शेपटं."

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. दाराशी इरम उभी होती. इरम पहिल्या वर्षाला, पूनम दुसऱ्या. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि तो खालच्या वर्गातला असावा असा नियम आहे, म्हणून मॅडमनी या चाचणीसाठी इरमला शोधून काढलं होतं. पूनमनं सांगायचं, इरमनं लिहायचं. एवढंच काम.

"हिनं अर्धं गाळलंय," पूनम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी पूर्ण वाक्यं सांगितली होती."

"मॅडम, अल्लाची शप्पथ," इरम पुढं आली. "माझं अक्षर घाण आहे, मान्य. अब्बा म्हणतात, मुंगी शाईत पडून कागदावरनं पळाली. पण दीदी बोलल्या त्यातला एक शब्द मी सोडला नाही. दीदी, तुम्ही मधेच गप्प व्हायच्या. फळ्याकडं बघत बसायच्या. मी पेन धरून वाट बघायचे. मग एकदम म्हणायच्या, 'तिथं गाळ साचतो.' मला वाटलं, आधीचं मनातल्या मनात जमवताय."

पूनम उत्तर द्यायला गेली, आणि एकदम तिला आठवलं.

चाचणीची ती खोली तिच्या डोळ्यापुढं आली. दोन बाकं, एक फळा, खिडकीतनं येणारं ऊन. फळ्याजवळून आवाज आला होता, स्पष्ट, जरासा घोगरा: *नदीचा वेग जिथं कमी होतो…* आणि मग थांबला होता. तिनं सवयीनं पुढचं उचललं होतं. प्रत्येक वाक्याला तसंच. तो आवाज इरमला ऐकू येत नसेल हे तिच्या मनात आलंच नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, जी तिच्या आत्ता लक्षात आली: तो आवाज तिच्या दादाचा होता, आणि दादा मार्गशीर्षातच गेला होता.

"सत्र परीक्षेचे पेपर बाहेर तपासायला जातात," नीला मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळं ऐकणं जास्त जड जात होतं. "तिथं अर्ध्या वाक्याला कुणी मार्क देत नाही. या विषयात नापास झालीस तर तिसऱ्या वर्षाला भूगोल मिळणार नाही तुला. तुलाच तर घ्यायचा आहे ना भूगोल?"

पूनमनं मान हलवली. आयुष्यात तिला स्वतःहून काही हवंसं वाटलं असेल तर तेवढंच.

*

तळवड्याच्या देवळात दर वर्षी सप्ताह बसतो. आता गावाच्या चहूबाजूंनी आयटी पार्कच्या काचा आणि लघुउद्योगांचे पत्रे आलेत, पण सप्ताहाच्या मांडवात बसलं की अजून तेच गाव आहे. ज्यानं मन लावून कीर्तन ऐकलंय त्याला सांगायला नको. बुवा चरणाचा पहिला अर्धा भाग म्हणतात आणि थांबतात. ते विसरलेले नसतात. ती जागा त्यांनी मागच्यांसाठी सोडलेली असते. मागं उभे असलेले टाळकरी उरलेला अर्धा उचलतात, टाळ झडतात, पखवाज बोलायला लागतो, आणि तो चरण मग कुणा एकाचा राहत नाही. त्या घटकेला देव मांडवात येऊन जातो असं जुनी माणसं म्हणतात. ज्याच्या अंगावर कधी काटा आलाय तो त्यांना खोटं ठरवत नाही.

पूनमचे वडील सोपानराव त्या देवळात पखवाज वाजवायचे आणि मोठा भाऊ जयदीप टाळ घेऊन उभा राहायचा. पूनम चौथीत असताना शाळेत तिला सरळ 'ढ' म्हणायचे. तिला पुस्तकाची पानं सोडून बाकी सगळं यायचं. सप्ताह संपला की ती घरासमोरच्या ओट्यावर उभी राहून अख्खं कीर्तन करून दाखवायची, बुवांच्या खोकल्यासकट. बायका पोट धरून हसायच्या. जयदीप एकटा हसला नव्हता.

"आई, हिची शाळा डोळ्यात न्हाई, कानात हाय," तो म्हणाला होता.

त्या दिवसापासून तो तिचे धडे कीर्तनासारखे म्हणायला लागला. पहिला अर्धा भाग म्हणायचा, थांबायचा, आणि पूनमनं उरलेला उचलायचा. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते…" "म्हणून दिवस आणि रात्र होतात!" चुकलं तर तो पुन्हा म्हणायचा, पण जागा कधी भरून द्यायचा नाही. पुढं दवाखान्यात तपासण्या झाल्या, दाखला मिळाला, दहावी-बारावीला लेखनिक मिळाला. तेव्हा ती परीक्षेत पूर्ण वाक्यं सांगायची. दादाची बाजू आणि आपली बाजू, दोन्ही तिच्या डोक्यात असायच्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ती पहिल्या वर्गात पास झाली आणि जयदीपनं चाकणच्या कंपनीत, त्याच्या लाईनवर, पेढे वाटले.

कंपनीतनंच तो तिचे धडे करून आणायचा. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागं उभा राहून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. मागं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा धप्प धप्प आवाज असायचा, मधेच फोर्कलिफ्टचा भोंगा. नदीचा धडा त्यानं असाच पूर्ण केला. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी, पहिल्या शिफ्टला जाताना, चाकणच्या रस्त्याला वळणारा कंटेनर त्याला दिसला नाही, की कंटेनरला तो दिसला नाही. त्याचा मोबाईल त्या दिवशी घरी चार्जिंगला राहिला होता. म्हणून तेवढा आवाज वाचला.

आणि दहाव्या-बाराव्याचं सगळं आटोपल्यावर पूनम पुन्हा अभ्यासाला बसली तेव्हापासून दादाची बाजू तिच्या डोक्यात राहिली नव्हती. ती खोलीत ऐकू येत होती, आणि हे तिला आज कळलं.

*

घरी पोचली तेव्हा तिची आई, मंजुळाबाई, देवापुढं दिवा लावत होत्या. दिवा लागला की त्या जयदीपचा मोबाईल घ्यायच्या आणि नदीचा धडा लावायच्या. रोज. त्यांना त्रिभुज प्रदेशाशी काय करायचं होतं? पोरगं बोलतंय, तेवढं बास.

*डोंगरातनं उतरताना नदी तळ खोदते…* जयदीप म्हणाला.

पूनमनं ओठ दाबून धरले. तिनं मुद्दाम ती जागा मोकळी सोडली आणि पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकली. तिथं प्रेसचा आवाज नव्हता. पूर्वी होता, तिला पक्कं आठवत होतं. धप्प, धप्प, त्याच्याच ठेक्यावर ती उत्तर द्यायची. आता त्या जागेत काहीच वाजत नव्हतं. कुणीतरी श्वास धरून उभं आहे आणि तिच्याकडं बघतं आहे, असं वाटत होतं. जागा संपायला पाहिजे होती त्याच्याही नंतर ती संपली नाही.

"म्हण की," मंजुळाबाई म्हणाल्या. "थांबलाय त्यो."

"म्हणून व्ही आकाराची दरी तयार होते," पूनम भराभर म्हणाली.

लगेच मागचा प्रेस सुरू झाला आणि जयदीप पुढचं वाक्य बोलायला लागला.

*

दुसऱ्या दिवशी पूनमनं इरमला सगळं सांगितलं. तिच्यावर उगाच आळ घेतला होता, तो मनाला लागून राहिला होता. निगडीला बसमधून उतरून कॉलेजकडं चालता चालता सांगितलं, म्हणजे तोंडाकडं बघावं लागत नाही. इरमच्या वडिलांचं, बरकतभाईंचं, तिथंच पुढं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. इरम भूतबित मानणारी नव्हती. इंजिनातनं आवाज आला तर कुठला तरी बोल्ट ढिला आहे, अशा घरातली.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, माझा विश्वास आहे की नाही ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तुम्ही फळ्याकडं बघत होता ना, तेव्हा कुणाकडं तरी बघत होता. रिकाम्या जागेकडं माणूस तसं बघत नाही."

"आता काय करू?"

"आधी चौथं प्रकरण. वाऱ्याचं कार्य. ते तुमच्या भाईजाननी म्हटलेलंच नाही, बरोबर? मग तिथं कोण मधे येणार? मी वाचते, तुम्ही ऐका."

वाटेवर प्राधिकरणाच्या वस्तीत एका नव्या इमारतीचं काम चाललं होतं. कडेला वाळूचा ढीग पडला होता. इरमनं त्याच्यापुढं हात पसरले. "हे घ्या तुमचं वाळवंट. उंट तेवढा मिळाला नाही."

पूनम हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. दोघी शेजारच्या कट्ट्यावर बसल्या, इरमनं सॅकमधून पुस्तक काढलं आणि पान शोधायला लागली.

*वारा एकटा झीज करत नाही…*

वाळूच्या ढिगाच्या पलीकडून आला आवाज. मागं प्रेसचा ठोका होता.

"त्याच्या हातात वाळू असते तेव्हाच तो खडक कापतो," पूनम म्हणाली.

इरमनं पानावरून वर बघितलं. पुन्हा खाली बघितलं. बोट ठेवून एक ओळ वाचली, मनातल्या मनात, ओठ हलवत. तिचा चेहरा उतरला.

"दीदी, हे अजून मी वाचलेलं नाही. वर्गात झालंय का?"

"आमचं तिसरंच चाललंय."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

पूनमनं ढिगाकडं बोट केलं नाही, पण बघितलं तिकडंच. वरची वाळू थोडी घसरली. वारा नव्हता. एखादं मांजर गेलं असेल.

"मला भीती वाटतेय," इरम म्हणाली. "तुम्हाला वाटत नाहीये, मग मला वाटू द्या. दोघींपैकी एकीला तरी वाटायला पाहिजे."

पूनमला भीती वाटत नव्हती हे खरंच होतं. तिला गोड वाटत होतं. त्यानं न म्हटलेलं प्रकरण तो म्हणतो आहे, म्हणजे तो अजून तिचा अभ्यास घेतो आहे. कुणाला नको असेल असं? पण त्याचा आवाज कागदावर उतरत नव्हता, आणि हे त्याला सांगावं तरी कसं?

इरमनं पुस्तक मिटलं. "एक करा. पहिलं अर्धं तुम्हीच म्हणायचं. भाईजानच्या आधी. आणि थांबायचं नाही. त्यांना बोलायला जागाच ठेवायची नाही."

कीर्तनात वाढलेल्या मुलीला हे ऐकताना कसंसंच झालं. जागा न सोडणारा बुवा म्हणजे मागच्यांना मान न देणारा बुवा. तिनं जन्मात कुणाची जागा खाल्ली नव्हती.

"दुसरा रस्ता असेल तर सांगा," इरम म्हणाली. "मी शेपटं लिहून लिहून थकले."

*

दिवा लागला, मोबाईल लागला. *नदीचा वेग जिथं…* एवढं जयदीप म्हणतो न म्हणतो तोच पूनम त्याच्यावर बोलली, "नदीचा वेग जिथं कमी होतो तिथं गाळ साचतो." एका दमात. मग पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं.

"अगं ए!" मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या. "त्याला बोलू दे की! मधीच का तोंड घालतीस?"

"आई, मला आख्खं म्हणता यायला पाहिजे."

"तुला येतंय. तुला समदं येतंय, त्यानंच शिकिवलंय. त्याला काय येतंय आता? येवढं बोलाय येतंय, तेबी खातीस व्हय?"

पूनमच्या डोळ्यात पाणी आलं, पण ती थांबली नाही. तिनं तसंच ओलं वाक्य पुरं केलं. मोबाईलमधला आवाज आणि तिचा आवाज एकमेकांत गुंतले, कोण काय म्हणतंय कळेना झालं.

सोपानराव भिंतीला टेकून बसले होते. जयदीप गेल्यापासून त्यांनी पखवाजाला हात लावला नव्हता. देवळातनं दोनदा निरोप आला, दोनदा परत गेला. ते हळूच म्हणाले, "म्हणू दे तिला. बुवांचा घसा बसला तर टाळकऱ्यातलाच कुणीतरी म्होरं व्हतो. कीर्तन बंद पडत न्हाई. आमी किती येळा बघितलंय."

"घसा बसला तर!" मंजुळाबाई म्हणाल्या. "घसा बसला तर, धनी!"

मोबाईलमध्ये फोर्कलिफ्टचा भोंगा वाजला आणि जयदीप एका जागी थांबला. तिघंही ऐकत बसली. कुणी उचललं नाही.

पूनम रोज म्हणत राहिली. पण घरात नाही. आईसमोर पुन्हा तिनं ते केलं नाही. देवळामागच्या पारावर, बसस्टॉपवर, कट्ट्यावर इरमसमोर. इरम वाचायची, पूनम ऐकायची आणि मग पूर्ण म्हणायची, दोन्ही बाजू, बुवाही तीच आणि टाळकरीही तीच. आधी मधेच अडायची. मग अडेनाशी झाली. नीला मॅडमनी एकदा वर्गात तिला उभं केलं आणि इंद्रायणीला वळणं का पडतात ते विचारलं. तिनं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागच्या बाकावरच्या पोरांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "रामकृष्ण हरी, महाराज!" सगळे हसले, तीसुद्धा.

त्या सगळ्या वेळात तो होता. फळ्यापाशी, ढिगापलीकडं, बसच्या ड्रायव्हरमागं. फक्त तिच्या आवाजाखाली दबला होता, दोन जण एकाच दारातनं एकाच वेळी जायला बघतात तसा.

*

सत्र परीक्षेला तिला वेगळी खोली दिली, भूगोलाची प्रयोगशाळा. कपाटावर पृथ्वीचा गोल, पेटीत खडकांचे तुकडे. दाराशी पर्यवेक्षक बाई खुर्ची टाकून बसल्या. पूनमसमोर भिंत आणि नकाशा, उजवीकडं इरम, कागद आणि पेन.

इरमनं पहिला प्रश्न वाचून दाखवला. नकाशाजवळून लगेच सुरुवात झाली: *नदीचा वेग…*

"नदीचा वेग जिथं कमी होतो तिथं गाळ साचतो," पूनम म्हणाली. इरमचं पेन चालायला लागलं. *मुखाजवळ उतार…* "मुखाजवळ उतार जवळजवळ नसतो, म्हणून त्रिभुज प्रदेश तयार होतो." तो एक शब्द पुढं, ती दोन शब्द पुढं. ती धावत होती. घसा कोरडा पडला, ती पाणी प्यायली नाही, कारण पाणी प्यायलं तर जागा राहील.

तिसऱ्या प्रश्नाला तो बोलला नाही.

पूनम दचकली. तिला हेच हवं होतं, आणि आता खोली इतकी मोकळी झाली, की आपण काय सांगत होतो तेच तिला आठवेना. नकाशा नुसता नकाशा होता. बाहेर कुणीतरी गाडी स्टँडवर लावली.

"दीदी," इरम हळूच म्हणाली. "पुढं?"

पुढं होतं. ते तिच्यातच होतं. तिनं एक शब्द काढला, त्याच्यामागं दुसरा आला, आणि मग ते आपले येत राहिले, विहिरीतनं पोहरा वर यावा तसे, जड पण भरलेले. चौथा प्रश्न झाला. शेवटचा उरला. बारखाण, म्हणजे वाऱ्यानं घातलेली चंद्रकोरीसारखी वाळूची टेकडी. तिची रचना सांगा.

"बारखाणाचा वाऱ्याकडचा उतार मंद असतो," पूनम म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली. खरंच श्वास घ्यायला. तेवढंच.

इरमचं पेन थांबलं नाही. ते चालतच राहिलं, ओळ संपली, दुसरी सुरू झाली, मग टिंब दिल्याचा आवाज आला.

"काय लिहिलंस?" पूनमनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात ते."

"वाच."

"'बारखाणाचा वाऱ्याकडचा उतार मंद असतो आणि आडोशाकडचा उतार तीव्र असतो, कारण तिथं वाळू आपल्याच वजनानं खाली घसरते.'"

"मी एवढं म्हणाले?"

"आत्ता तर म्हणालात दीदी. जरा घोगरा आला आवाज. मान वळवून बोलल्यासारखा, मागून…" इरमनं तिच्याकडं बघितलं, आणि मग तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं, आणि पुढचं बोलायची थांबली.

पूनमच्या मानेवर कुणाचा तरी श्वास होता. समोरून तो कधी उठला आणि कधी मागं गेला तिला कळलंच नव्हतं. तो टाळकऱ्यांच्या जागी जाऊन उभा राहिला होता. तिनं म्होरं व्हावं आणि त्यानं मागून उचलावं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्यानं उचललेलं या वेळी कागदावर उतरलं होतं. प्रेसचा ठोकासुद्धा येत होता, लांबून, टाळासारखा.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आता काहीच अवघड नव्हतं. अर्धं म्हणायचं आणि जागा सोडायची. इरम लिहील. हा पेपर, पुढचा पेपर, तिसरं वर्ष, त्याच्यापुढचं सगळं. तो कधी थकणार नव्हता, आणि ती कधी एकटी पडणार नव्हती. फक्त तिनं प्रत्येक वाक्याच्या मध्यावर थांबून त्याची वाट बघायची. आणि तो ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी ती त्या मध्यावरच उभी राहील, चौथीतल्या पोरीसारखी, सगळे बघत असताना.

"खोड," ती म्हणाली.

"दीदी, बरोबर आहे ते. मी वाचलंय पुस्तकात."

"बरोबर आहे. खोड. मी नाही म्हटलेलं."

पर्यवेक्षक बाईंनी मान वर केली. "काय चाललंय?"

"वाक्य बदलतेय, मॅडम," पूनम म्हणाली.

इरमनं 'आणि'वर पेन टेकवलं. तिनं रेघ ओढली. कागदावर पेनचा कर्कश आवाज झाला, आणि त्या आवाजाबरोबर मानेवरचा श्वास थांबला. गेला नाही, थांबला. धडा म्हणताना तो थांबायचा तसा.

पूनमनं दोन्ही हात बाकावर पालथे ठेवले. "लिही. बारखाणाच्या आडोशाच्या बाजूला वारा पोचत नाही. माथ्यापर्यंत चढून आलेली वाळू तिथं उभी राहू शकत नाही, ती कोसळते, म्हणून तो उतार ताठ असतो. टिंब. पुढचं वाक्य. बारखाणाची दोन्ही टोकं वाऱ्याच्या दिशेनं पुढं गेलेली असतात, कारण कडेला वाळू कमी असते आणि कमी वाळू लवकर वाहून जाते."

ती बोलत राहिली. मधे कुठं थांबली नाही. थांबली ती उत्तर संपल्यावर, आणि तेव्हा मागं कुणी नव्हतं. हे तिच्या मानेला कळलं.

*

पुढं निकाल लागला तेव्हा भूगोलात ती वर्गात तिसरी आली आणि नीला मॅडमनी तिचा तिसऱ्या वर्षाचा भूगोल स्वतः कार्यालयात जाऊन नोंदवून घेतला. पण ते पुढचं. परीक्षेच्या त्या दुपारी ती घरी आली तेव्हा मंजुळाबाई चुलीपाशी नव्हत्या, देवापाशी नव्हत्या, दारात उभ्या होत्या.

"आला व्हता का?" त्यांनी विचारलं.

पूनमनं आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. नदीच्या धड्यातली ती लांबत जाणारी जागा आईनंही ऐकली असणार, हे तिला आत्ता कळलं.

"आला होता."

"काय म्हणला?"

"एकच वाक्य. मी ते खोडायला लावलं."

"चुकलं व्हतं त्याचं?"

"नाही आई. बरोबर होतं."

मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला. रस्त्यानं कंपनीची बस गेली, तिची धूळ दारापर्यंत आली आणि बसली.

"वाईट वाटलं आसंल का गं त्याला?"

"माहीत नाही," पूनम म्हणाली. "मी मागं वळून बघितलं नाही."

आई तिला 'बरं केलंस' म्हणाली नाही. 'का केलंस' असंही म्हणाली नाही. तिनं पूनमच्या मानेवर, पाठीमागं, जिथं केस संपतात तिथं हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली, तिथं काही गरम लागतंय का बघत असल्यासारखी. मग हात काढून घेतला.

"चल, जेवून घे," मंजुळाबाई म्हणाल्या. "परवाचा पेपर कशाचा हाय म्हणलीस?"